पांढऱ्या वाघांची स्क्वॉड्रन



"आठवणींचे लेख पुरेसे आले आहेत, तू दुसरे काहीतरी लिही," असे संपादक मंडळाने मला बजावले आहे. तेव्हा इतिहासाच्या तासाची शिस्त पाळून, सनावळीसह, एक इतिहास सांगतो. विषय आपल्या गावापासून फार दूरचा नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण तिथे वाळूत उभे होते. नौदल दिन ४ डिसेंबरलाच का, असे त्या गर्दीत विचारले असते तर "कराचीवरचा हल्ला" हे उत्तर लगेच मिळाले असते. उत्तर बरोबर आहे. १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. पण त्याच दिवशी सकाळी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, बंगालच्या उपसागरात एका जहाजावरून आठ लहान लढाऊ विमाने उडाली होती. ती विमाने ज्या तुकडीची होती, तिचे नाव 'इंडियन नेव्हल एअर स्क्वॉड्रन ३००'. टोपणनाव 'व्हाइट टायगर्स', म्हणजे पांढरे वाघ. हा तिचा इतिहास.

मी नौदलात नव्हतो, हे आधीच सांगतो. नोकरी वास्कोत, बंदराच्या कामाशी संबंधित, आणि तीसेक वर्षे बिऱ्हाड दाबोळीच्या धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर. या स्क्वॉड्रनची विमाने माझ्या छपरावरून जात. शेजारी नौदलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. त्यांच्याशी गप्पा मारता मारता वाचनाची गोडी लागली आणि सुट्टीच्या दिवसांत जमेल ते वाचत गेलो.

जन्म परदेशात

स्क्वॉड्रन म्हणजे नुसती विमाने नव्हेत. विमाने, वैमानिक, तंत्रज्ञ, त्यांची अवजारे, नोंदवह्या आणि कामाच्या ठरलेल्या पद्धती हे सगळे मिळून स्क्वॉड्रन होते. विमाने मोडीत निघतात, माणसे निवृत्त होतात, क्रमांक मात्र पुढे चालतो. शाळेची जुनी कौलारू इमारत जाऊन स्लॅबची आली तरी शाळा तीच राहते, तसेच हे.

३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन जुलै १९६० मध्ये स्थापन झाली, ती ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या ब्रॉडी येथील नौदल विमानतळावर. कारण विमाने ब्रिटिश होती, प्रशिक्षण ब्रिटिश होते आणि जे जहाज मिळायचे होते तेही उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या गोदीत तयार होत होते. ते जहाज दुसऱ्या महायुद्धात 'हर्क्युलिस' या नावाने बांधायला घेतलेले. सप्टेंबर १९४५ मध्ये ते पाण्यात उतरले तोवर युद्ध संपले होते. काम थांबले आणि अर्धवट सांगाडा दहा-अकरा वर्षे तसाच पडून राहिला. १९५७ मध्ये भारताने तो विकत घेतला, हार्लंड अँड वुल्फ कंपनीकडून पूर्ण करून घेतला आणि ४ मार्च १९६१ रोजी 'आयएनएस विक्रांत' नौदलात दाखल झाली. तेव्हा ब्रिटनमध्ये आपल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित होत्या. समारंभ त्यांच्या हस्ते झाला.

स्क्वॉड्रनचे पहिले विमान 'सी हॉक'. एका माणसाचे, एका इंजिनाचे, चार तोफांचे देखणे जेट. त्याच्या 'नीन' इंजिनाचा झोत शेपटीतून न निघता दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळांशी बाहेर पडे, त्यामुळे मागच्या धडात इंधनाला जागा मिळे. जाता जाता एक गंमत. हेच 'नीन' इंजिन ब्रिटनने १९४६ मध्ये सोव्हिएत रशियाला विकले आणि त्यावरून रशियाने आपल्या पहिल्या नामांकित मिग लढाऊ विमानाचे इंजिन बनवले. पुढे याच स्क्वॉड्रनकडे मिग विमाने आली. इतिहासात असे दूरचे नातेवाईक अधूनमधून भेटतात.

१८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी विक्रांतच्या डेकवर पहिले जेट उतरवले. पुढे १९८४ मध्ये ते नौदलप्रमुख झाले.

गलोल आणि आकडा

विमान जहाजावर उतरवणे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. म्हणून थोडे विज्ञान.

विक्रांतची लांबी सुमारे २१३ मीटर. जमिनीवरच्या धावपट्ट्या दोन-तीन किलोमीटर लांब असतात. त्यामुळे उडताना विमानाला ढकलावे लागते आणि उतरताना पकडावे लागते. ढकलण्यासाठी डेकमध्ये वाफेवर चालणारे कॅटापुल्ट असते. आपल्या भाषेत गलोल. बॉयलरची वाफ साठवून एकदम सोडली की दोन-तीन सेकंदांत विमान डेकच्या टोकाबाहेर फेकले जाते. पकडण्यासाठी डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटीखाली एक आकडा लोंबत असतो. आकडा तारेत अडकला की विमान थांबले.

अडकला नाही तर? म्हणूनच वैमानिक डेकला चाके टेकताच इंजिनाचा वेग कमी करत नाही, पूर्ण वाढवतो. आपले सारे शहाणपण सांगते, उतरलास की ब्रेक दाब. इथे हात उलट शिकवावा लागतो. तार हुकलीच तर तिरप्या डेकवरून पुन्हा हवेत उडून दुसरा प्रयत्न करता यावा, हा त्यामागचा हेतू. हे सगळे होत असताना डेक लाटांवर खालीवर होत असतो आणि जहाज पुढे चाललेले असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. विमान चढायला आणि उतरायला समोरून वारा हवा. वारा पडलेला असेल तर जहाजाने जोरात पळून तो निर्माण करायचा. म्हणजे विमान किती ओझे घेऊन उडेल, हे शेवटी तळाच्या बॉयलररूममध्ये घामाने निथळणाऱ्या माणसांवर ठरते. आकाशातल्या वैमानिकाचा फोटो छापून येतो. बॉयलररूममध्ये फोटोग्राफर जात नाही.

गोव्याशी नाते

३ नोव्हेंबर १९६१ रोजी विक्रांत मुंबईत आली. स्वागताला पंतप्रधान नेहरू होते. पुढच्याच महिन्यात गोवामुक्तीची लष्करी कारवाई झाली. विक्रांत तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात गस्त घालत होती, बाहेरच्या कुणी मध्ये पडू नये म्हणून. सी हॉकना लढायची वेळ आली नाही. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते पुण्याहून उडालेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी.

पण या कारवाईने स्क्वॉड्रनला घर मिळवून दिले. नौदलाचा विमानतळ 'आयएनएस हंस' त्याच वर्षी कोइमतूरजवळ सुलूर येथे सुरू झाला होता. सुलूर समुद्रापासून किती लांब, हे नकाशात पाहा. पोर्तुगीजांनी बांधलेला दाबोळीचा विमानतळ समुद्रकाठच्या पठारावर, मुंबईच्या गोदीपासून जवळ आणि सरावाला समोर मोकळा अरबी समुद्र. १९६४ मध्ये 'हंस' दाबोळीला आला आणि पांढरे वाघ गोवेकर झाले, ते आजतागायत.

१९६५ च्या युद्धात स्क्वॉड्रनच्या वाट्याला फारसे काही आले नाही. विक्रांत मुंबईत सुक्या गोदीत दुरुस्तीला होती. पाकिस्तानने ती बुडवल्याचे जाहीर केले. आपल्या लोकांनी ते हसण्यावारी नेले, पण नौदलातल्या माणसांना एक गोष्ट लागली. देशाची एकमेव विमानवाहू नौका युद्धाच्या वेळी जागेवर नव्हती.

तडे गेलेले बॉयलर

१९७० मध्ये तोच प्रसंग पुन्हा येतो की काय असे झाले. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात तपासणी करताना विक्रांतच्या बॉयलरांच्या पाण्याच्या ड्रमांना बारीक तडे गेल्याचे आढळले. वेल्डिंगने बुजवता येतील असे ते तडे नव्हते. नवे ड्रम ब्रिटनहून यायचे होते. बॉयलर पेटवू नका, असा हुकूम निघाला आणि जहाज कित्येक महिने निपचित पडले. वाफ नाही म्हणजे वेग नाही, गलोल नाही, विमाने नाहीत.

१९७१ च्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानात परिस्थिती चिघळू लागली. आता प्रश्न असा होता, की तडे गेलेल्या बॉयलरांवर हे जहाज समुद्रात न्यायचे की नाही? बॉयलर फुटला तर आतली माणसे जिवंत भाजतील. नेले नाही तर पुढच्या युद्धातही विक्रांत गोदीतच. अखेर मधला मार्ग निघाला. बॉयलर कमी दाबावर पेटवायचे, वेग कमी राहील तो चालवून घ्यायचा, आधी चाचण्या घ्यायच्या आणि जहाज पश्चिमेला न ठेवता पूर्वेला न्यायचे, कारण तिथे शत्रूचे नौदल आणि हवाई दल दोन्ही कमी होते. हा निर्णय धाडसाचा होता, पण आंधळा नव्हता. दाब किती, फेरे किती, कोणत्या दिवशी काय तपासले, याच्या नोंदी ठेवत टप्प्याटप्प्याने तो घेतला गेला.

इथे आपल्या तालुक्याचा संबंध येतो. मुंबईच्या डॉकयार्डात त्या काळी कोकणातले किती कामगार होते हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या प्रत्येक वाडीत एखादा तरी 'डॉकयार्डवाला' असायचाच. गणपतीला तो सुट्टीवर आला की आपण त्याच्याकडे खाऊची वाट पाहायचो. फिटर, वेल्डर, बॉयलरमेकर. त्यांतल्या कुणाचे हात विक्रांतला लागले होते, हे विचारायला आपण तेव्हा फार लहान होतो.

विक्रांत मद्रासमार्गे अंदमानच्या एका आडबाजूच्या खाडीत जाऊन थांबली. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी तिच्याच शोधात बंगालच्या उपसागरात आली होती. विक्रांत विशाखापट्टणमजवळ आहे असा भास निर्माण करणारे बिनतारी संदेश आपल्याकडून मुद्दाम पाठवले गेले. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमसमोर गाझी बुडाली.

४ डिसेंबरच्या सकाळी, अकराच्या सुमारास, कॉक्स बझारच्या विमानतळावर आठ सी हॉक कोसळले. स्क्वॉड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता त्यांचे नेतृत्व करत होते. दुपारी चितगाव बंदर. पुढच्या दिवसांत खुलना, मंगला, पुन्हा चितगाव, पुन्हा कॉक्स बझार. धावपट्ट्या, इंधनाच्या टाक्या, बंदरातली जहाजे आणि गनबोटी ही लक्ष्ये. रात्री कामाला असत विक्रांतवरची 'अलिझे' विमाने. ती दुसऱ्या, ३१० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची. समुद्रमार्गे कुमक येणे किंवा निसटून जाणे पाकिस्तानी सैन्याला अशक्य झाले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

कॅप्टन स्वराज प्रकाश हे विक्रांतचे प्रमुख. त्यांना आणि गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले. त्या मोहिमेत एकही सी हॉक गमावले नाही. गोळ्यांनी भोके पडलेली विमाने परत आली, तंत्रज्ञांनी पत्रे ठोकून, नळ्या बदलून ती पुन्हा उभी केली आणि ती पुन्हा गेली.

आपल्या इतिहासाच्या सरांनी शिकवले होते, की विजयाचे वर्णन करताना समोरचा किती दुबळा होता तेही लिहावे. तेही लिहितो. सी हॉक तोपर्यंत जुने झाले होते. आवाजापेक्षा कमी वेगाचे ते विमान नव्या लढाऊ विमानासमोर टिकले नसते. पूर्वेत पाकिस्तानची एकच सेबर स्क्वॉड्रन होती, ढाक्याला. आपल्या हवाई दलाने पहिल्या दोन-तीन दिवसांत तिथली धावपट्टी उखडून ती जमिनीवर बसवली. त्यामुळे सी हॉकना सामना करावा लागला तो जमिनीवरून मारा करणाऱ्या विमानविरोधी तोफांचा. याने त्यांचे काम लहान होत नाही. जुने विमान, जायबंदी जहाज आणि डिसेंबरातला मंद वारा, एवढ्या सामग्रीत काय करता येईल याचा हिशेब त्यांनी नीट केला होता. आधीच्या दहा वर्षांच्या सरावाने त्यांना तो करता आला.

हवेत थांबणारे विमान

सी हॉकना निरोप दिला गेला तो १९८३ मध्ये. त्या डिसेंबरात ब्रिटनहून तीन 'सी हॅरियर' उडत दाबोळीला आले. या नव्या पर्वाचे प्रमुख होते अरुण प्रकाश. १९७१ मध्ये ते हवाई दलाकडे पाठवलेले होते. तिथे हंटर विमान उडवून त्यांनी वीरचक्र मिळवले होते. पुढे २००४ मध्ये ते नौदलप्रमुख झाले.

भौतिकशास्त्राच्या तासाला फुगा फुगवून सोडून दिला आणि न्यूटनचा तिसरा नियम शिकलो, ते आठवा. सी हॅरियर म्हणजे त्या फुग्याला चार तोंडे आणि ती तोंडे वळवण्याची सोय. तोंडे मागे केली की विमान पुढे धावते. खाली केली की ते हवेतल्या हवेत थांबते आणि सावकाश सरळ खाली उतरते. तारा नकोत, आकडा नको. उडण्यासाठी जहाजाच्या नाकाशी चढाचा उतार केलेला असतो. त्याला 'स्की-जंप' म्हणतात. त्यावरून उसळी घेतली की जास्त ओझ्यासह उडता येते.

१९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनने ही विमाने वापरली, त्यामुळे त्यांची कीर्ती जगभर झाली होती. त्या युद्धातले ब्रिटिश नौदलाचे प्रमुख जहाज 'हर्मिस' भारताने घेतले आणि मे १९८७ मध्ये ते 'आयएनएस विराट' झाले. पांढऱ्या वाघांचे पुढचे जवळजवळ तीस वर्षांचे घर हेच.

माझी आई गावाहून वास्कोला आली असताना तिने पहिल्यांदा सी हॅरियर पाहिले. धावपट्टीवर ते अधांतरी थांबले होते आणि कानठळ्या बसत होत्या. दोन्ही कानांवर हात ठेवून ती म्हणाली, "अरे, ह्यां इमान थांबलां कसां?" मी फुग्याचे उदाहरण दिले. तिला ते पटले नाही.

शांततेतली किंमत

आता या लेखात मला जे खरे सांगायचे आहे ते सांगतो.

१९७१ च्या युद्धात या स्क्वॉड्रनने एकही विमान गमावले नाही. आणि भारताने घेतलेल्या सुमारे ३० सी हॅरियरपैकी निम्म्याहून अधिक विमाने अपघातांत गेली. या विमानांनी भारताकडून एकही युद्ध हवेत लढले नाही. सगळी गेली ती सरावात, रोजच्या उड्डाणांत. त्यांच्यासोबत काही वैमानिकही गेले.

हे वाचून पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की मग हे सगळे कशासाठी? वास्कोत राहताना हा प्रश्न मलाही पडे. एखाद्या दिवशी विमानाचा आवाज यायचा थांबे, बाजारात लोक हलक्या आवाजात बोलू लागत आणि संध्याकाळपर्यंत बातमी कळे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आवाज पुन्हा सुरू होई. मला त्या दुसऱ्या आवाजाचे जास्त नवल वाटे.

शेजारच्या एका निवृत्त तंत्रज्ञांना मी हे एकदा विचारले. ते इंजिन विभागातले. ते म्हणाले, "विमान उडण्याआधी मी सही करायचो. वैमानिक ती सही बघून पायऱ्या चढायचा. अपघात झाला की पहिली माझी वही सील व्हायची. वही परत मिळाली की मी पुढच्या विमानावर सही करायचो. न करून कसे चालेल?" एवढेच म्हणाले आणि चहा संपवला.

सी हॅरियर हे अवघड विमान होते. एकच इंजिन, आणि तरंगताना विमानाचे सगळे वजन त्या एका इंजिनाच्या झोतावर तोललेले. पंख तेव्हा काहीच उचलत नाहीत. इंजिनाने मान टाकली तर वैमानिकाला विचार करायला वेळ नसतो. शिवाय ब्रिटनने आपली सी हॅरियर २००६ मध्ये निवृत्त केली, त्यानंतर आपण एकटेच ती उडवत राहिलो. सुटे भाग कमी होत गेले. एका विमानाचे भाग काढून दुसरे उभे करायची वेळ येऊ लागली. त्यातही इस्राएली रडार आणि क्षेपणास्त्रे बसवून उरलेली विमाने नव्या काळाला जोडली गेली. जुन्या साडीची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवे काही वाटणार नाही, पण ही गोधडी ताशी हजार किलोमीटरने उडत होती.

तर, कशासाठी? माझे उत्तर असे. १९७१ च्या त्या दहा-बारा दिवसांत जे जमले, ते आधीच्या दहा वर्षांत रोज केले म्हणून जमले. ती रोजची कवायत थांबली असती तर १९७१ नसते. पण पुढचे १९७१ कधी येईल, येईल की नाही, हे कुणाला ठाऊक नसते. न येणाऱ्या परीक्षेचा अभ्यास वर्षानुवर्षे करायचा आणि त्या अभ्यासात माणसे गमवायची, ही या स्क्वॉड्रनची खरी कहाणी आहे. लढाईच्या शौर्याला पदक असते. सकाळी सातला पुन्हा विमानाशी उभे राहण्याला नसते.

आकडा परत आला

११ मे २०१६ रोजी दाबोळीला सी हॅरियरना समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. त्याच दिवशी स्क्वॉड्रन ३०० ने 'मिग-२९के' हे रशियन विमान स्वीकारले. पांढरा वाघ तिसऱ्या विमानावर चढला. जहाजेही बदलली होती. रशियाकडून घेतलेली 'विक्रमादित्य' नोव्हेंबर २०१३ मध्ये दाखल झाली होती आणि कोचीला बांधलेली नवी 'विक्रांत' सप्टेंबर २०२२ मध्ये झाली. पहिली विक्रांत परदेशात अर्धवट पडलेली विकत घ्यावी लागली होती. दुसरी आपण आपल्या गोदीत बांधली. साठ वर्षांतला हा फरक लहान नाही.

मिग-२९के उडते स्की-जंपवरून, पण उतरते मात्र तारा आणि आकड्याने, सी हॉकसारखे. म्हणजे सी हॅरियरच्या काळात आकड्याने जेट उतरवायची जी कला आपल्याकडून सुटली होती, ती पुन्हा शिकावी लागली. वैमानिकांना त्यासाठी अमेरिकेत पाठवले गेले. गोव्यात 'हंस'वर किनाऱ्यालाच जहाजाच्या डेकसारखी सोय उभारली, तिथे स्की-जंपही आहे आणि ताराही. या सोयीचा उपयोग करून आपले स्वदेशी हलके लढाऊ विमान 'तेजस' जहाजासाठी पारखले गेले आणि ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विक्रमादित्यवर उतरवले. आडनाव वाचून आपली छाती थोडी फुगते, ती फुगू द्यावी. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ 'राफेल' विमाने घेण्याचा करार फ्रान्सशी झाला आहे. म्हणजे विमाने पुन्हा बदलतील. टेकताच इंजिनाचा जोर वाढवायचा, हा धडा मात्र बदलणार नाही.

जुन्या जहाजांचे काय झाले तेही सांगायला हवे. पहिली विक्रांत जानेवारी १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. आपल्यापैकी अनेकांनी मुलांना नेऊन दाखवली असेल. सांभाळणे परवडेना म्हणून २०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडली गेली. विराटही २०१७ मध्ये निवृत्त होऊन पुढे गुजरातेत अलंगला तोडायला गेली. ज्या डेकवर पांढरे वाघ उतरले, त्यांपैकी दोन डेक आता जगात नाहीत. लोखंडाचे भाव आले आणि इतिहास भंगारात गेला, याची खंत वाटते. पण खरे सांगायचे तर, जहाज जपण्यापेक्षाही सोपी आणि स्वस्त एक गोष्ट आपण केलेली नाही.

ती म्हणजे विचारून लिहून ठेवणे. मी या स्क्वॉड्रनविषयी जे जे वाचले, त्यात जहाजाचे कॅप्टन आहेत, वैमानिक आहेत, त्यांची नावे, पदके, तारखा आहेत. ते असायलाच हवे. पण डेकवर रंगीत जर्सी घालून विमानाखाली वाकून कॅटापुल्टची जोडणी करणारे, तारा तपासणारे, बॉयलरचा दाब रात्रभर काट्यावर नजर ठेवून सांभाळणारे, वहीत सही करणारे, हे लोक त्या पानांत फार थोडे दिसतात. आणि ते तर आपल्यातले आहेत. आपल्या शाळेच्या पटावरची किती मुले नौदलात खलाशी, तंत्रज्ञ म्हणून भरती झाली, किती डॉकयार्डात अप्रेंटिस लागली, याचा हिशेब आपल्यापैकी कुणीच ठेवलेला नाही. त्यांतले काही या स्नेहमेळाव्याला आले असतील. काही आता ऐंशीच्या घरात असतील आणि काही गेले.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती स्मरणिकेत छापून यावी म्हणूनच हा लेख लिहिला. पुढच्या गणपतीपर्यंत आपण प्रत्येकाने आपल्या वाडीतल्या एका तरी नौदलवाल्याशी किंवा डॉकयार्डवाल्याशी तासभर बोलावे. कोणत्या साली लागलात, कोणत्या जहाजावर होतात, हाताने काय काम करत होतात, १९७१ साली कुठे होतात, एवढे चार प्रश्न पुरेत. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा किंवा शंभर पानी वहीत लिहा. शाळेच्या ग्रंथालयात त्या वह्यांसाठी एक कपाट माझ्याकडून. कपाटाचे माप ग्रंथपाल बाईंकडून आधीच घेऊन ठेवले आहे.

आणि गोव्याला गेलात तर बोगमाळोच्या रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय जरूर पाहा. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. तिथे सी हॉकही आहे आणि सी हॅरियरही. मुले कॉकपिटकडे धावतील, धावू द्या. तुम्ही मात्र सी हॉकच्या शेपटीखाली वाका आणि आकडा बघा. हाताच्या लांबीपेक्षा थोडा मोठा, साधा पोलादी आकडा आहे. या लेखातला बराचसा इतिहास त्याला अडकलेला आहे.